एक सूत

उद्यमनगरात, वेल्डिंगच्या दुकानामागं
आमच्या दोन लेथ मशिनी.
एकीवर अण्णा, दुसरीवर जो टिकंल तो.
पुढच्या टेबलावर मी, बिलं करायला.

अण्णांची शाळा चौथीत सुटली,
पण इंग्रजी रोज त्यांच्या हाताखालनं गेली.
वॉशरचा वायसर झाला,
हॅकसॉचा एक्साव,
स्क्रू ड्रायव्हरातला स्क्रू कुठंतरी गळून पडला,
नुसता डायवर राहिला.
कॉलेजात गेल्यावर मी दुरुस्त करायला लागलो.
अण्णांनी हातातला जॉब फुंकला, म्हणाले,
बाहेरनं आलेला माल आल्या आल्या बसतोय व्हय?
कड मोडावी लागती.

लागलो, असं लिहिलं मी. लिहू दे.
पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या संध्याकाळी
दार वाजवून म्हणालो, मी आलो,
आणि आतल्या तिघी हसल्या.
आलो नाही गं, आले.
मग महिनाभर मी आले, गेले, जेवले,
इस्त्रीच्या कपड्यांत वावरल्यासारखी.
सुट्टीत किणीचा टोलनाका मागं पडला
की क्रियापद आपसूक सैल व्हायचं.
एसटीत शेजारी कोण आहे, ते बघायचंही नाही.

अव्वा चिकोडीकडची.
नटबोल्ट मोजाय बसली की ओंदु, एरडु, मूरु,
दहानंतर मराठी.
अकराला काय होतं, मी विचारलं एकदा.
तिची मोजणी चुकली.
परत ओंदुपासनं.

दिवाळीनंतर गंजामहून टुकुना आला.
गंजाम कुठं, हे अण्णांनी विचारलं नाही.
विचारलं, मायक्रोमीटर वाचता येतोय?
तो म्हणाला, हउ.
चहा गाळता गाळता अव्वा दारात आली,
हौदु?
तो तिच्याकडं वळून परत, हउ.
अण्णा म्हणाले, व्हय म्हणतोय गं.
तिन्हींचं मूळ एक नसंल.
मी शोधाय गेलो नाही.
चहाचे चार कप झाले, एवढं खरं.

आठवड्यात टुकुनाचा तुका झाला,
महिन्यात तुकाण्णा.
एकवीस वर्षांचं पोर,
कानडीतला अण्णा शेपटीला लागल्यावर
चालही जरा बदलली त्याची.
आता स्पेअर पार्टवाल्याशी तोच भांडतो,
भावा, काय लागलंय, रेट सांग की नीट.
आणि दुपारी अण्णा, साठीचे,
हत्यारं पुसता पुसता म्हणतात,
हउ, हउ.

सगळं बसतंच असं न्हाई.
उन्हाळ्यात एकदा तो पखाळबद्दल बोलत राहिला,
रात्रीचा भात, पाणी, आंबटपणा,
हातानं हवेत वाडगं काढून दाखवलं.
अव्वा हरखली. म्हणाली, अंबील!
दुसऱ्या दिवशी तांब्याभर करून आणली, वर कांदा.
त्यानं सगळी प्याली,
तांब्या विसळून पालथा घातला.
मग हळूच म्हणाला,
हे न्हवं ते, अव्वा.
अव्वा कधी नव्हे ती गप्प.
अंबिलीला दुसरं नाव तिच्याकडं नव्हतं,
त्याच्याकडं नाही म्हणाय दुसरी भाषा नव्हती.

ड्रॉइंगवर सगळं मायक्रॉनमध्ये येतं.
अण्णा अजून सुतात बोलतात.
सूत म्हंजे? टुकुनानं पहिल्या दिवशी विचारलेलं.
अण्णांनी अंगठ्याच्या नखावर खूण केली,
एवढं.

काल रात्री कॉम्प्रेसर बंद झाल्यावर
तो पायरीवर बसून आईशी बोलत होता.
त्याची उडिया भरभर चाललेली,
मला काही कळत नव्हतं,
आणि मधेच, स्पष्ट, एक सूत.
अंगठा वर करून दाखवलासुद्धा,
साध्या फोनवर, दिसत नसलेल्या आईला.
काय उरलं होतं तेवढं,
घराची भिंत, ताप, का बहिणीच्या लग्नाचे पैसे,
विचारायचं धाडस झालं नाही.
पलीकडं ती म्हातारी आता
कुणाकुणाला विचारत बसंल, सूत म्हणजे काय.

मी बिलावर तारीख घातली.
आतनं अव्वाची हाक आली, ताटं वाढलीत.
आलो, म्हणालो मी.
आलो, म्हणाला तो.